किशोरवयीन मुलांसाठी क्रूझ जहाज कसे निवडावे : वर्षभराच्या प्रवासांनंतरचा अनुभव

सोळा वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा यांना घेऊन गेल्या वर्षभरात आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या क्रूझ जहाजांवरून प्रवास केला. शेवटच्या प्रवासालाही आता काही महिने उलटले असल्यामुळे जहाजावरून उतरतानाचा उत्साह ओसरला आहे आणि त्यानंतरही जे मत टिकून राहिले तेवढेच येथे मांडत आहे. या वयाच्या मुलांसाठी जहाज निवडताना वरच्या डेकवरील खेळांची यादी सर्वांत शेवटी पाहावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्याआधी पाहायच्या गोष्टी तीन: त्या सफरीवर त्यांच्या वयाची मुले किती असतील, त्यांना जमण्यासाठी स्वतःची जागा आहे का आणि आई-वडिलांना सोबत न घेता ती जहाजावर कितपत मोकळेपणाने हिंडू शकतात.

यांपैकी पहिली गोष्ट जहाजापेक्षा तारखेवर अधिक अवलंबून असते. शाळा सुरू असलेल्या आठवड्यांत भाडे कमी असते, पण त्याच कारणाने जहाजावर निवृत्त जोडपी आणि अगदी लहान मुलांची कुटुंबे यांचीच गर्दी असते. अशाच एका आडहंगामातील सफरीवर टीन क्लबमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठी राखलेल्या जागेत, इतकी कमी मुले होती, की संयोजकांनी किशोरांचे लहान-मोठे दोन्ही वयोगट एकत्र केले आणि माझ्या मुलीने दुसऱ्या दिवसापासून तिकडे जाणेच सोडले. जहाज उत्तम होते, सोयींत काहीही उणे नव्हते. सोबत मात्र नव्हती. सफरीची लांबीही येथे महत्त्वाची ठरते. आठवडाभराच्या किंवा त्याहून लहान सफरींवर कुटुंबे जास्त दिसतात, तर दोन आठवड्यांपुढील सफरींवर प्रवाशांचे सरासरी वय झपाट्याने वाढते. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंग या कंपन्या तर १८ वर्षांखालील प्रवासी घेतच नाहीत, त्यामुळे सुंदर छायाचित्रे पाहून त्यांच्या संकेतस्थळावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

वयोगटांची विभागणी हा बुकिंगच्या वेळी सहसा कोणी न विचारणारा, पण आमच्या घरात सर्वांत निर्णायक ठरलेला मुद्दा आहे. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर १२ ते १४ या वयाच्या मुलांसाठी ‘सर्कल सी’ आणि १५ ते १७ साठी ‘क्लब ओटू’ असे दोन वेगळे क्लब असतात. एमएससीचीही विभागणी याच वयांवर होते. नॉर्वेजियनच्या ‘आँटुराज’मध्ये १३ ते १७ ही सगळी मुले एकत्र असतात. डिस्नेने ‘एज’ ११ ते १४ साठी आणि ‘व्हाइब’ १४ ते १७ साठी ठेवला आहे, म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला दोहोंपैकी आपल्याला रुचेल तो निवडता येतो. वरवर पाहता ही क्षुल्लक बाब वाटते. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या अंतराची भावंडे एका कंपनीच्या जहाजावर आठवडाभर एकत्र राहतात आणि दुसरीच्या जहाजावर फक्त जेवणाच्या टेबलावर भेटतात. यांतले कोणते बरे, हे त्या भावंडांचे आपसात किती पटते यावर आहे. आमच्या मुलाला ताईच्या सावलीबाहेर स्वतःचे मित्र मिळाल्याचा विलक्षण आनंद झाला होता, तर त्याच्यापेक्षा लाजऱ्या असलेल्या एखाद्या मुलाला मोठी बहीण त्याच खोलीत असणे हाच मोठा आधार वाटला असता. वय सफर सुरू होण्याच्या दिवशीचे धरले जाते आणि पंधरावा वाढदिवस आठवड्याने पुढे आहे म्हणून वरच्या गटात घ्या, ही विनंती सहसा मान्य होत नाही.

क्लबमध्ये पहिल्या संध्याकाळी जाणे आवश्यक आहे, हे मी जेवढे जोर देऊन सांगेन तेवढे थोडे आहे. जहाज बंदरातून निघाल्यावर त्या रात्री ओळख करून देण्याचा जो कार्यक्रम असतो, त्यात पुढच्या आठवड्याचे मित्रगट ठरून जातात. दुसऱ्या रात्रीपर्यंत मुले आपापल्या टोळीने फिरू लागलेली असतात आणि तिसऱ्या दिवशी एकट्याने त्यांच्यात शिरणे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जवळजवळ अशक्य वाटते. गंमत अशी, की हे गट एकदा जमले की मुले क्लबच्या कार्यक्रमपत्रिकेकडे फारसे पाहत नाहीत. बास्केटबॉलचे कोर्ट, रात्री उशिरापर्यंत उघडा असणारा पिझ्झाचा काउंटर, जिन्याच्या पायऱ्या, उघड्या डेकवरचे सोफे अशा ठिकाणी त्यांचा खरा मुक्काम असतो. म्हणूनच जहाजाचा डेक-प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, उघडून क्लब कोठे आहे हे पाहावे, असा माझा आग्रह आहे. क्रीडांगणाशेजारी, वरच्या डेकवर, बाहेर पडायला स्वतःचे दार असलेला क्लब मुलांना आपलासा वाटतो. लहान मुलांच्या पाळणाघराला लागून, रंगीबेरंगी भिंतींच्या आणि कोपऱ्यात दडवलेल्या खोलीत सोळा वर्षांची मुलगी पाऊल ठेवत नाही, मग आत कितीही महागडे व्हिडिओ गेम असोत.

आता खेळांविषयी. त्यांत गेल्या पंचवीस वर्षांत झालेला बदल थक्क करणारा आहे, हे मान्यच करावे लागेल. १९९९ मध्ये रॉयल कॅरिबियनच्या व्हॉयेजर ऑफ द सीज या जहाजावर बर्फावरील स्केटिंगची रिंक आणि गिर्यारोहणाची कृत्रिम भिंत प्रथमच आली; २००६ मध्ये फ्रीडम ऑफ द सीजवर फ्लोरायडर, म्हणजे कृत्रिम लाटेवरील सर्फिंग, आले. २०१७ मध्ये नॉर्वेजियन जॉयवर गो-कार्टची, म्हणजे छोट्या उघड्या मोटारींची, शर्यतपट्टी बसली आणि २०२१ मध्ये कार्निव्हलच्या मार्डी ग्रावर ‘बोल्ट’ हा समुद्रावरचा पहिला रोलरकोस्टर सुरू झाला. २०२४ मध्ये दाखल झालेल्या आयकॉन ऑफ द सीजवर सहा मोठ्या घसरगुंड्यांचे जलोद्यान आहे, तर २०२५ च्या एमएससी वर्ल्ड अमेरिकावरचा झोपाळा थेट समुद्राच्या वर झुलतो. जाहिरातीत हे सारे एकाच मापाने मोजले जाते. आमच्या अनुभवात मात्र या खेळांचे दोन सरळ भाग पडले: एकदा करून संपणारे आणि रोज परत करावेसे वाटणारे.

रोलरकोस्टर, गो-कार्ट आणि उंच घसरगुंड्या पहिल्या भागात येतात. त्यांचा थरार खरा आहे, पण तो काही मिनिटांत आटोपतो. बोल्टची पट्टी सुमारे २४० मीटरची आहे आणि तेथे तसेच नॉर्वेजियनच्या गो-कार्टवर प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे द्यावे लागतात. मुलांनी एकदा अनुभव घेतला, छायाचित्रे काढली आणि विषय संपला. स्केटिंग, भिंतीवर चढणे आणि विशेषतः फ्लोरायडर यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांत काहीतरी शिकायला मिळते. आमचा मुलगा पहिल्या दिवशी फळीवर पालथा पडूनही दोन सेकंदांत वाहून जात होता. आठवडा संपेपर्यंत तो गुडघ्यांवर स्थिर राहू लागला आणि पुढच्या सफरीत उभा राहिला. रांगेत रोज तीच मुले भेटत होती, एकमेकांना पडताना पाहून हसत होती आणि युक्त्या सांगत होती. क्लबपेक्षा त्या रांगेतच त्याला अधिक मित्र मिळाले. येथे उंचीची अट आहे: पालथे झोपून करण्यासाठी ५२ इंच आणि उभे राहून करण्यासाठी ५८ इंच. शिवाय दायित्वमुक्तीचा, म्हणजे इजा झाल्यास कंपनीला जबाबदार धरणार नाही असा, अर्ज भरावा लागतो आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर पालकाची संमती लागते, त्यामुळे हे काम पहिल्याच दुपारी उरकून टाकावे.

उघड्यावरच्या खेळांबाबत आणखी एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे छापलेली मी पाहिली नाही. २० नॉट म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने चालणाऱ्या जहाजाच्या वरच्या डेकवर, समुद्र शांत असतानाही तेवढाच वारा लागतो. त्यात समोरून वारा असला की झिपलाइन (ताणलेल्या तारेवरून लटकत घसरण्याचा खेळ), उंच घसरगुंड्या आणि चढण्याची भिंत सुरक्षेसाठी बंद ठेवली जाते. आमच्या एका सफरीत ज्या घसरगुंडीसाठी जहाज निवडले होते ती निम्म्याहून अधिक वेळ बंदच होती. यात कोणाला दोष देता येत नाही, परंतु एकाच उघड्या आकर्षणावर सगळी निवड करू नये हे यावरून उघड आहे. बंदिस्त जागेत काय काय आहे, हे तितकेच बारकाईने पाहावे. रिंक, बंदिस्त क्रीडागृह, लेझर टॅग (प्रकाशकिरणांच्या बंदुकांचा खेळ), चित्रपटगृह यांपैकी काही असेल तर पावसाळी किंवा वादळी दिवस वाया जात नाही. गर्दी टाळायची असेल तर जहाज बंदरात उभे असताना, बहुतेक प्रवासी खाली उतरलेले असताना खेळून घ्यावे. त्या वेळी रांगा जवळपास नसतात.

सर्वांत नवे आणि सर्वांत मोठे जहाजच हवे, असे मला आता वाटत नाही. नूतनीकरण झालेल्या मध्यम आकाराच्या जुन्या जहाजांवर रिंक, भिंत आणि फ्लोरायडर ही तिन्ही साधने एकत्र मिळू शकतात आणि भाडे बऱ्यापैकी कमी असते. मोठ्या जहाजावर मुले हरवत नाहीत, पण मित्र हरवतात: वीस डेकच्या जहाजावर ‘नंतर भेटू’ म्हटलेली मुले दिवसभर एकमेकांना सापडत नाहीत, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. एकाच कंपनीच्या दोन जहाजांतही इतका फरक असतो, की कंपनीचे नाव वाचून निर्णय घेणे व्यर्थ आहे. तपासायचे ते त्या विशिष्ट जहाजाचे नाव आणि त्याचे शेवटचे नूतनीकरण कधी झाले ते वर्ष.

इंटरनेटचा खर्च मुलांसाठी केलाच पाहिजे का, या प्रश्नावर आमच्या घरात बरेच वाद झाले. रॉयल कॅरिबियनसह अनेक कंपन्यांनी २०२२ पासून स्टारलिंक ही उपग्रहावरून चालणारी इंटरनेट सेवा बसवल्यामुळे वेग आता पूर्वीसारखा रडतखडत नाही, पण पॅकेज वेगळे घ्यावे लागते. आम्ही एका सफरीत ते घेतले आणि एका सफरीत घेतले नाही. न घेतलेल्या सफरीत मुलगी पहिले दोन दिवस कुरकुरली आणि नंतर केबिनमध्ये दिसेनाशी झाली. कंपनीच्या अॅपमध्ये आपसांत संदेश पाठवण्याची सोय असली आणि ती जहाजाच्या वाय-फायवर चालत असली, तर मुलांना एकमेकांना शोधण्यासाठी तेवढे पुरते. काही कंपन्या या सोयीसाठीही थोडे शुल्क घेतात, ते आधी विचारून घ्यावे.

स्वातंत्र्य आणि नियम यांचा मेळ जहाजावर चांगला जमतो, हे एक पालक म्हणून मला सर्वांत भावले. मुलांना स्वतःचे कार्ड मिळते, दार उघडायलाही तेच आणि खर्चालाही तेच. खर्चाची सोय मात्र पहिल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन बंद करावी किंवा तिला मर्यादा घालावी, कारण आर्केडमधील, म्हणजे व्हिडिओ गेमच्या दालनातील, यंत्रे कार्डावर अत्यंत सहजपणे चालतात. अल्पवयीन मुलांना सहसा पालकाशिवाय जहाजावरून खाली उतरू दिले जात नाही. काही कंपन्यांच्या जहाजांवर रात्री एकनंतर अठरा वर्षांखालील मुलांनी सार्वजनिक जागी मोठ्यांशिवाय थांबू नये असा नियम असतो आणि तो पाळला जातो. या चौकटीत मुलांना आम्ही सकाळी न्याहारीला आणि संध्याकाळी जेवणाला हजेरी लावण्याची एवढीच अट घातली होती. ती त्यांनी बहुतेक वेळा पाळली.

केबिनबाबत फार लिहिण्यासारखे नाही. चौघांनी एका खोलीत राहण्यापेक्षा आतून जोडलेल्या दोन साध्या केबिन घेणे या वयात अधिक सुसह्य होते आणि बोट लागणारे कोणी असेल तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवरची जागा घ्यावी.

मार्ग निवडताना मात्र घाई करू नये. रोज नवे बंदर असलेली सफर मोठ्यांना मोहक वाटते. मुलांचे गट मात्र समुद्रात घालवलेल्या दिवसांतच घट्ट होतात. सलग चार बंदरे असलेल्या सफरीत आमची मुले दमून परत येत आणि झोपून जात. आठवड्यात दोन-तीन पूर्ण समुद्रदिन असणारा मार्ग, आणि त्यांतला पहिला शक्य तर निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, हे प्रमाण आम्हाला सर्वांत चांगले ठरले.

पुढच्या सुट्टीतील बुकिंगचा विचार सध्या सुरू आहे आणि त्यात एक नवीन अडचण उभी राहिली आहे. मुलगी सतरा पूर्ण करून अठराव्यात जाईल, म्हणजे टीन क्लबची दारे तिला आणखी एकच वर्ष उघडी राहतील. त्यानंतर ती क्लबमध्ये बसणार नाही आणि उत्तर अमेरिकेतून निघणाऱ्या बहुतेक जहाजांवर मद्यपानाचे वय २१ असल्यामुळे मोठ्यांच्या रात्रीच्या जागांतही तिला पूर्ण प्रवेश नसेल. डिस्ने १८ ते २० वर्षांच्या प्रवाशांसाठी ‘एटीन ट्वेंटी सोसायटी’ या नावाने वेगळे मेळावे ठेवते. इतर कंपन्यांकडे या वयासाठी काय आहे, हे प्रत्येक जहाजागणिक विचारावे लागेल. तोवर भावंडांना एकाच क्लबात ठेवणारे, रिंक आणि फ्लोरायडर असलेले मध्यम आकाराचे जहाज आणि शाळांच्या मुख्य सुट्टीतील तारीख अशी आमची निवड ठरत आली आहे. वाढीव भाडे द्यावे लागेल, ते आम्ही खालच्या डेकवरची खिडकीविना केबिन घेऊन भरून काढणार आहोत, कारण दोन्ही मुले खोलीत फक्त झोपायलाच येतात.