वेल्श पूर्वजाचा शोध: आधी दाखले की आधी ॲबरिस्टविथचे जुने कागद?

खापरपणजोबांचं नाव जॉन जोन्स, गाव वेल्समध्ये कुठंतरी. एवढ्याच माहितीवर शोधाला बसलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक, पैसे भरून जन्म-लग्नाचे सरकारी दाखले मागवायचे. दुसरी, वेल्समधल्याच ॲबरिस्टविथ गावच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं विनामूल्य खुल्या केलेल्या जुन्या कागदांत शिरायचं. फुकटच्या वाटेचा मोह होतो, तरी माझ्या मते पहिला खर्च दाखल्यावरच करावा.

कारण आडनाव. वेल्श भाषेत 'आप' म्हणजे 'चा मुलगा'. आप ऱ्हिसचा प्राइस झाला, आप हिवेलचा पॉवेल, आब ओवेनचा बोवेन. जिथं 'आप' गळालं तिथं बापाचं नावच आडनाव बनलं, आणि तेही पिढीगणिक बदलत राहिलं: विल्यम जोन्सचा मुलगा जॉन विल्यम्स. आपण वडिलांचं नाव मधे लिहितो आणि घराण्याचं आडनाव शेवटी कायम राहतं. तिथं ते कायमचं आडनावच नव्हतं. खेड्यापाड्यांत ही रीत एकोणिसाव्या शतकातही चालू होती. त्यामुळे नुसत्या 'जोन्स'वर जुने कागद चाळले, तर दुसऱ्याच घराण्याची वंशावळ हाती लागण्याची भीती असते.

दाखल्यांची नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. लग्नाच्या दाखल्यावर दोन्हीकडच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय असतात. जन्माच्या सरकारी ऑनलाइन सूचीत तर आईचं माहेरचं आडनाव दाखला न मागवताच दिसतं, आणि एकाच तालुक्यातले चार जॉन जोन्स वेगळे करायला तेवढंच बऱ्याचदा पुरतं. उणीव एकच: १८७५ पर्यंत जन्म नोंदवण्याची सक्ती ढिली होती, त्यामुळे काही मुलं सुटलेली आहेत. जोडीला जनगणना घ्या, पण १८५१ ची. १८४१ च्या जनगणनेत जन्म त्याच परगण्यातला की नाही एवढंच कळतं आणि मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात; १८५१ मध्ये जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावपरिसर, मिळतं.

ते पॅरिश हाती आलं की ॲबरिस्टविथच्या वाटेला खरी गोडी येते. १८५८ पूर्वी वेल्सच्या चर्च-न्यायालयांत सिद्ध झालेली १,९०,००० हून अधिक मृत्युपत्रं तिथं ऑनलाइन वाचता येतात. शेताचं नाव, लग्न झालेल्या मुली, जावई, कुणाला गाय आणि कुणाला बिछाना दिला, असं सगळं त्यांत सापडतं. दाखला नातं सांगतो. घर कसं होतं ते मृत्युपत्रातच दिसतं. १९१९ पर्यंतची वेल्श वर्तमानपत्रंही तिथं विनामूल्य आहेत.

चॅपलच्या, म्हणजे अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनाघरांच्या, नोंदींत मात्र सावध राहा. अनेक वेल्श कुटुंबं अँग्लिकन चर्च सोडून मेथडिस्ट, इंडिपेंडंट किंवा बॅप्टिस्ट झाली होती. बॅप्टिस्ट तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे ती नोंद शोधणं व्यर्थ. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर हा ख्रिस्ती पंथ आणि ज्यू सोडून सर्वांना लग्न पॅरिश चर्चमध्येच लावावं लागे. म्हणून त्या काळातलं मूल चॅपलच्या वहीत आणि त्याच्या आईबापांचं लग्न चर्चच्या वहीत, असं होऊ शकतं. एका वहीत नाव नाही म्हणून माणूसच नव्हता असं समजू नका.

पूर्वज सैन्यात किंवा रेल्वेत मुंबईला आला असेल, तर क्रम बदलतो. आधी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या, दप्तरातल्या मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी पाहा. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव मिळालं तर वेल्सचा निम्मा शोध सोपा होतो.

आणि गावी जाणं जमलंच, तर चॅपलच्या दफनभूमीत 'एर कोव अम', म्हणजे 'स्मरणार्थ', असं कोरलेल्या दगडांवर नावाखालची ओळ वाचा. तिथं अनेकदा शेताचं नाव असतं, आणि दहा जोन्सांतून आपला जोन्स त्याच नावानं ओळखू येतो.