कर्णधार कोण भारी, मनप्रीत की हरमनप्रीत?

भारतीय हॉकी संघाला टोकियो ऑलिंपिकमध्ये मनप्रीतच्या आणि पॅरिसमध्ये हरमनप्रीतच्या नेतृत्वाखाली, दोन्हीकडे कांस्य. म्हणूनच हा वाद मिटत नाही.

मनप्रीत मधल्या फळीतला. चेंडू सतत त्याच्या आसपास, त्यामुळे खेळाचा वेग तो स्वतः ठरवू शकतो. टोकियोत ऑस्ट्रेलियाकडून 1-7 असा मार खाल्ल्यावर एखादा संघ कोलमडला असता. आपला सावरला, आणि जर्मनीविरुद्ध 1-3 अशा पिछाडीवरून 5-4 जिंकला. 41 वर्षांनी पदक! प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांचाही त्यात मोठा वाटा.

हरमनप्रीत बचावपटू, ड्रॅग-फ्लिकचा (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत गोलकडे भिरकावण्याचा) बादशहा. पॅरिसमध्ये 10 गोल. कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे दोन्ही त्याचेच. पण माझ्या लेखी खरी कसोटी ब्रिटनविरुद्ध लागली. 17व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड, पुढचा सगळा सामना दहा जणांत. तरी 1-1, मग शूटआउटमध्ये 4-2. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांचा भक्कम बचावाचा आग्रह तिथे कामी आला (आणि गोलपोस्टमध्ये श्रीजेश होताच).

गोल मोजून कर्णधार ठरवणं मला पटत नाही. निवडायचाच तर मी मनप्रीत निवडेन. पदक जिंकता येतं हे पॅरिसच्या संघाला ठाऊक होतं, टोकियोच्या संघाला नव्हतं. शिवाय कर्णधारपद गेल्यावरही तो पॅरिसमध्ये हरमनप्रीतच्या नेतृत्वाखाली जीव तोडून खेळला.