डीसी चोकसाठी कोअर: फेराइट, लोहभुकटी की सेंडस्ट?

सोलर चार्ज कंट्रोलर किंवा बक कन्व्हर्टर (डीसी व्होल्टेज कमी करणारं सर्किट) घरी बांधायला घेतला की सर्किट सहज मिळतं, घोडं अडतं ते चोकच्या कोअरपाशी. चोक म्हणजे करंटचे चढउतार थोपवणारी तारेची गुंडाळी, आणि कोअर म्हणजे ती ज्यावर गुंडाळतात तो चुंबकीय गाभा. धरून चला: १०० किलोहर्ट्झ, सरासरी १० अँपियर, त्यावर २-३ अँपियरची रिपल, म्हणजे करंटची वरखाली.

डेटाशीट उघडली की नजर आधी सॅच्युरेशनच्या, म्हणजे कोअर जास्तीत जास्त किती चुंबकत्व पेलू शकतो त्या आकड्यावर जाते. त्या हिशेबाने लोहभुकटी जिंकते. ती १ टेस्लाच्या पुढे जाते, तर फेराइट ०.४ ते ०.५ वर थांबतं आणि तापलं की आणखी खाली येतं. पण सरासरी करंट तापवतो ती तांब्याची तार. कोअर मुख्यतः रिपलमुळे तापतो, म्हणून निवड रिपल बघून करावी.

लोखंडातून वीज वाहते, त्यामुळे बदलत्या चुंबकक्षेत्रात त्याच्या आत भोवऱ्यासारखे एडी करंट फिरू लागतात आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. फ्लक्सची (चुंबकीय प्रवाहाची) हेलकावणी तेवढीच ठेवून वारंवारता दुप्पट केली, तर हा तोटा चौपट होतो. त्यावर उपाय म्हणून धातूची बारीक भुकटी करतात, कणाकणावर इन्सुलेशन चढवतात आणि दाबून रिंग बनवतात. मग करंटचा फेरा कणाच्या आतच संपतो. कणांमधल्या फटी म्हणजे कोअरभर विखुरलेला एअर गॅपच. पर्मिएबिलिटी (चुंबकीय फ्लक्स वाहून नेण्याची क्षमता) ६०-७५ पर्यंत उतरते खरी, पण त्या बदल्यात सॅच्युरेशन हळूहळू येतं. फेराइटचं तसं नाही. करंट मर्यादेपलीकडे गेला की इंडक्टन्स (करंटचा बदल थोपवण्याची क्षमता) एकदम कोसळतं आणि बऱ्याचदा स्विचचं काम करणारा मॉस्फेट ट्रान्झिस्टरही जातो.

फेराइट हे सिरॅमिक आहे, त्याचा विद्युतरोध लोखंडाच्या लाखो पट. ट्रान्सफॉर्मर असेल किंवा रिपल मोठी असेल, तर दुसरं काही शोधू नका. चोकसाठी मात्र त्याला गॅप द्यावा लागतो, आणि गॅपजवळून बाहेर फुगणारा फ्लक्स शेजारची वाइंडिंग तापवतो.

जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायमधली) पिवळी-पांढरी रिंग म्हणजे सहसा लोहभुकटी. स्वस्त, पण १०० किलोहर्ट्झला बरीच तापते. तिच्यातला बाइंडर (कण चिकटवणारा पदार्थ) सेंद्रिय असेल तर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कणांमधलं इन्सुलेशन खराब होतं, तोटा वाढतो आणि रिंग आणखी तापते. पहिल्या दिवशीची चाचणी हे दाखवत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुटी रिंग घेताना रंगावर भिस्त ठेवू नका, पिवळा रंग कोणीही लावू शकतो. पार्ट नंबर मागा.

सेंडस्ट म्हणजे ८५ टक्के लोह, ९ टक्के सिलिकॉन, ६ टक्के ॲल्युमिनियम. जपानमधल्या सेंदाई इथे हाकारू मासुमोतो यांनी १९३० च्या दशकात शोधलेला मिश्रधातू. इतका ठिसूळ की त्याचे पत्रे लाटता येत नाहीत, भुकटी मात्र झकास होते. सॅच्युरेशन १ टेस्लाच्या आसपास, तोटा लोहभुकटीपेक्षा खूपच कमी. चुंबकीकरणाने आकार जवळजवळ बदलत नसल्यामुळे शिट्टीसारखा आवाजही कमी येतो.

वरच्या चोकसाठी मी ६० पर्मिएबिलिटीचं सेंडस्ट घेईन. फक्त १० अँपियरला इंडक्टन्स किती उरतं ते डेटाशीटमधल्या डीसी बायसच्या आलेखावर (सरासरी करंट वाढला की इंडक्टन्स कसं घटतं ते दाखवणाऱ्या) बघून वेढे ठरवा. सुमारे ८० टक्के निकेल असलेल्या एमपीपी नावाच्या भुकटी-कोअरमध्ये तोटा आणखी कमी, पण बॅटरी चार्जरसाठी एवढे पैसे घालायचं कारण मला दिसत नाही.