आयनॅचरॅलिस्ट: सारख्या दिसणाऱ्या पतंगांच्या कसोटीवर

रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगांची छायाचित्रे ओळखण्यासाठी मी आयनॅचरॅलिस्ट ही मोफत सेवा नियमितपणे वापरतो. तिची खरी परीक्षा फुलपाखरांपेक्षा पतंगांच्या बाबतीतच होते, कारण करड्या-तपकिरी, एकमेकींशी जुळणाऱ्या प्रजाती इथे पावलोपावली भेटतात.

छायाचित्र चढवल्यावर संगणक संभाव्य नावे सुचवतो आणि त्यांपैकी कोणत्या प्रजाती त्या परिसरात अपेक्षित आहेत, हेही दाखवतो. ठळक खुणांच्या पतंगांना एवढे पुरते. पाठीवर कवटीसारखी खूण असलेल्या अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स आणि अ‍ॅकेरॉन्शिया लॅकेसिस या दोहोंत मागचे पंख पाहिले की निर्णय सोपा होतो: स्टिक्सचे मागचे पंख पिवळे व गडद पट्ट्यांचे असतात, तर लॅकेसिसच्या मागच्या पंखांचा बुडाकडचा भाग मोठ्या काळ्या डागाने व्यापलेला असतो. विसावलेला पतंग मात्र हे पंख झाकून घेतो, त्यामुळे एकाच नोंदीला निरनिराळ्या कोनांतून घेतलेली अनेक छायाचित्रे जोडण्याची सोय मला फार मोलाची वाटते.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण मात्र वेगळाच आहे. युरोपातील ग्रे डॅगर आणि डार्क डॅगर या दोन पतंगांचे सुरवंट सहज वेगळे ओळखता येतात, पण प्रौढ पतंग खात्रीने वेगळे करायचे तर जननेंद्रियांची तपासणीच करावी लागते. छायाचित्र कितीही सुस्पष्ट असले तरी ते तिथे अपुरे पडते. अशा वेळी ओळख त्या दोघांच्या अ‍ॅक्रोनिक्टा या जीनसपाशी (जवळच्या प्रजातींच्या गटापाशी) थांबवता येते आणि ‘उपलब्ध पुराव्यावरून याहून अचूक ओळख शक्य नाही’ असे नोंदवता येते. सेवेच्या इतर वापरकर्त्यांची सहमती असल्यास ती नोंदही संशोधनयोग्य दर्जाची ठरते. नेमके कुठे थांबायचे, हे ठरवणे वर्गीकरणात नाव देण्याइतकेच महत्त्वाचे असल्याने, ही तरतूद करणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते.

एक उणीव मात्र खटकते. प्रजातीच्या पातळीवर दोन व्यक्तींचे एकमत झाले आणि तारीख, स्थळ यांसारखे तपशील पूर्ण असले की नोंद संशोधनयोग्य दर्जाला पोहोचते. दुसरी व्यक्ती स्वतः खुणा न तपासताही सहमती देऊ शकते. ओळख देताना तिचे कारण लिहिण्यासाठी जागा आहे, पण ते लिहिणे ऐच्छिक आहे. निदान पतंगांच्या नोंदींसाठी तरी, पंखावरची कोणती रेघ किंवा कोणता ठिपका पाहून नाव दिले, हे लिहिणे सक्तीचे करावे.