हळदीचं दूध: सोयाबीन काढणीपासून उन्हाळ्यापर्यंतचा आमच्या घरचा अनुभव

पहिले निकाल सांगते. रात्रीच्या कोरड्या खोकल्याला आणि खवखवणाऱ्या घशाला हळदीचं दूध आमच्या घरी चांगलं लागू पडलं. झोपही शांत लागली. गुडघेदुखीला मात्र काही फरक पडला नाही, आणि तापात तर मी त्याच्या भरवशावर राहणारच नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. सोयाबीन निघते तेव्हा मळणीयंत्रापाशी उभं राहिलं की कुटाराची धूळ नाकातोंडात जाते. दिवसभर काही वाटत नाही, पण रात्री पाठ टेकली की यांना खोकल्याची उबळ यायची ती थांबायचीच नाही. तेव्हापासून झोपायच्या आधी दूध सुरू केलं. होळीपर्यंत जवळपास रोज चाललं, त्यानंतर गरज पडेल तसं. पहिल्या काही रात्रींतच उबळ कमी झाली. पूर्ण गेली ती धुळीचं काम संपल्यावर, हेही सांगायला हवं. पण मधल्या काळात घरातल्या सगळ्यांना झोप मिळाली, ती या दुधामुळेच.

सगळं गणित करण्यात आहे. चहाच्या गाड्यावर किंवा लग्नाघरी मिळतं ते हळदीचं दूध म्हणजे गरम दुधात वरून टाकलेली हळद. ती विरघळत नाही, पेल्याच्या तळाशी बसते आणि शेवटचा घोट घशाला टोचतो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हटकलं, "कच्ची हळद घशाले लागते वं बाई, कढू दे तिले." आता मी गंजात, म्हणजे पातेल्यात, आधी थोडं पाणी घेते, त्यात हळद, ठेचलेली सुंठ आणि दोन-तीन मिरे टाकून उकळते. हळदीचा कच्चा वास जातो आणि वाफेला गोडसर मातीसारखा वास येतो, तेव्हा दूध ओतते. मग मंद आचेवर, पळीने हलवत, दूध किंचित आटेपर्यंत ठेवते. साय काढलेलं दूध घेत नाही. गूळ घालायचा तर गंज खाली उतरवून, दूध जरा निवल्यावरच. उकळत्या दुधात घातला की दूध फाटतं. लेकरांना मिऱ्याचा तिखटपणा नको असतो, त्यांच्यासाठी मिरे कमी आणि वेलची, खडीसाखर जास्त.

प्रमाणाला अर्धा चमचा पुरे. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलं होतं तेही तेवढंच: १५० मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एक-दोनदा. जास्त हळद म्हणजे जास्त गुण असं होत नाही. उलट दूध कडवट होतं आणि पोटात जळजळतं.

मिरे का, याला कारण आहे. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं, आणि नुसतं खाल्लं तर अंगी फारच थोडं लागतं. बंगळुरूच्या संशोधकांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात मिऱ्यातलं पायपरीन सोबत दिल्यावर कर्क्युमिन कितीतरी पटींनी जास्त शोषलं गेलं. पण त्या अभ्यासात माणसांना २ ग्रॅम निव्वळ कर्क्युमिन दिलं होतं. साध्या हळदीत ते शंभराला तीनेक भाग असतं, म्हणजे आपल्या अर्ध्या चमच्यात ५० मिलिग्रॅमच्या आसपास. सासऱ्यांच्या गुडघ्यांना या पेल्याने आराम का पडला नाही, ते मला या हिशोबावरून कळलं. घशाला मिळतो तो आराम मुख्यतः गरम, स्निग्ध घोटाचा आणि सुंठेचा असावा असं माझं मत आहे. आराम खरा आहे, एवढं मला पुरतं.

अंजनगाव सुर्जीकडे माझी मावसबहीण असते. तिकडे आणि अकोटकडे पानमळ्यांच्या भागात पानपिंपळी पिकते. तिने पाठवलेली पिंपळी मिऱ्याऐवजी वापरून पाहिली. तिच्यातही पायपरीन असतंच. चव मिऱ्यापेक्षा खोल, तिखटपणा जिभेवर उशिरा येतो. कफ सुटायला मला मिऱ्यापेक्षा पिंपळीच सरस वाटली. पण एक छोटा तुकडाच टाका, अख्खी नको.

आता हळदीबद्दल, कारण निम्मा गुण तिथेच ठरतो. वायगावची हळद आमच्या तालुक्यातली, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग गडद, वास उग्र, आणि कर्क्युमिन साध्या हळदीपेक्षा बरंच जास्त. हळकुंडं आणून घरी फोडतो आणि चक्कीवरून दळून आणतो. मध्ये एकदा दुकानातून सुटी हळद आणावी लागली. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून पाहिली, तर पाणी लगेच भडक पिवळं झालं. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. ती हळद मी फेकून दिली. रंग भडक दिसावा म्हणून लेड क्रोमेट मिसळतात, म्हणजे शिसं पोटात जातं. लेकरांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. औषध म्हणून रोज पाजायचं असेल, तर ही परीक्षा केल्याशिवाय पाजू नका, माझी विनंती आहे.

बायांसाठी खास सांगते. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या या दुधासोबत घेऊ नका. दूध आणि हळद दोन्ही लोह शोषू देत नाहीत. आमच्या आशाताई सांगतात तसं, गोळी लिंबूपाण्यासोबत, आणि दूध त्यानंतर दोन-तीन तासांनी. रक्त पातळ होण्याची गोळी असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर रोज हळद घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखरेचा आजार असेल तर गूळही नको.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर घरात पेले भरत बसू नका. शेजारच्या काकांना घरचे महिनाभर हळददूधच देत होते, वजन उतरत होतं तरी. मी आणि काकू त्यांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो, थुंकी तपासली, तर क्षयरोग निघाला. तपासणी फुकट, औषधंही फुकट. आता ते बरे होत आहेत. दूध अजूनही पितात, पण गोळ्या चुकवत नाहीत.

मे महिन्यात आम्ही हे दूध बंद ठेवतो. आमच्याकडच्या उन्हात सुंठ-मिरे सोसत नाहीत. पाऊस लागला, घरात सर्दी-पडसं फिरू लागलं की पुन्हा सुरू करू. हळद मात्र आताच घेऊन ठेवा, नवीन हळकुंडं शिजून-वाळून याच दिवसांत येतात.