रोज नवा विषय की आठवडाभर एकच?

फोटोतल्या कंपोझिशनचा, म्हणजे चौकटीत काय कुठे ठेवायचं याचा, सराव करायचा आहे, पण रोज नवा विषय देणारं ३६५ दिवसांचं आव्हान घ्यावं की आठवड्याला एक विषय धरून ५२ आठवडे चालावं, असं एका मैत्रिणीने विचारलं.

वेळेचं म्हणाल तर रोजच्याला दहा मिनिटं पुरतात, पण ती रोज काढावी लागतात. साप्ताहिकात सवड मिळते. मात्र बरेच जण रविवारी रात्री टेबलावरचा कप टिपून मोकळे होतात.

खरा फरक शिकण्यात. आज सावली, उद्या चौकट, परवा तिरक्या रेषा, असं केल्याने नजर सावध होते, पण एकही तंत्र मुरत नाही. आठवडाभर फक्त 'रिकामी जागा' घेतली, तर आधी माणूस नुसता कोपऱ्यात सरकवला जातो. मग कळू लागतं की तो जिकडे बघतोय तिकडे जागा सोडली तर चित्र मोकळं वाटतं, पाठीमागे सोडली तर अस्वस्थ. तृतीयांशाचा नियम (मुख्य गोष्ट मधोमध न ठेवता चौकटीच्या एक-तृतीयांशावर ठेवायची) इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथने १७९७ मध्येच निसर्गचित्रांसाठी मांडला होता. तो वाचायला मिनिट लागतं. कधी मोडायचा, हे एकाच वस्तूचे वीस फोटो काढल्यावर उमगतं.

कॅमेरा? दोन्हीकडे फोन चालतो. झूम मात्र बंद, पाय हलवा.

रोजच्यात एक दिवस चुकला की साखळी तुटल्याचं मनाला लागतं आणि आव्हान तिथेच सुटतं. साप्ताहिक तेवढं कठोर नाही.

कॅमेरा हातात घ्यायचीच सवय नसेल तर महिनाभर रोजचं करा. वर्षभराची शपथ नको. फोटो भरपूर निघतात पण सगळे सारखेच दिसतात, अशी तक्रार असेल तर साप्ताहिक.