हवापालटासाठी पाचगणी : एका घरगुती निवासाचा अनुभव

दम्यामुळे गेली अकरा वर्षे मी कोणत्याही एका गावात सलग चार महिने राहिलेलो नाही. सांगलीकडे ऊसतोड सुरू होऊन फडातील पाचट पेटू लागले की माझी छाती भरते. पावसाळ्यात कृष्णाकाठची ओल सोसत नाही, म्हणून आटपाडीच्या कोरड्या माळाकडे जावे लागते. साहजिकच पाचगणीतील ज्या घरगुती निवासात मी नोव्हेंबरपासून दहा आठवडे काढले, त्याची पारख मी सहलीला आलेल्या पाहुण्याच्या नजरेने करू शकत नाही.

पाचगणी इंग्रजी अमदानीत प्रकृती सुधारण्याचे ठिकाण म्हणूनच वसली आणि तेथील बेल-एअर रुग्णालयात पुढे क्षयरोग्यांवर उपचार होऊ लागले. गाव सुमारे १,३०० मीटर उंचीवर असले तरी महाबळेश्वरच्या पूर्वेला असल्याने पाऊस आणि धुके तेथे पुष्कळ कमी. या घराच्या मालकीणबाईंना हे सारे ठाऊक असावे, कारण खोलीत गालिचा नव्हता, जाड पडदे नव्हते आणि कापसाची गादी दर आठवड्याला न सांगता उन्हात पडत असे. संध्याकाळी सातच्या आत ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण आणि पालेभाजी ताटात येई. उशिरा जेवले की रात्री धाप लागते, हे त्यांना एकदाच सांगावे लागले.

हवापालटाचा विषय निघाला की मला इझाबेला बर्ड या इंग्रज प्रवासलेखिका आठवतात. पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी त्यांना समुद्रप्रवास सुचवला आणि १८५४ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. घरी अंथरुणाला खिळणाऱ्या याच बाई १८७३ मध्ये रॉकी पर्वतात शेकडो मैल घोड्यावर फिरल्या आणि फटींतून बर्फ आत येणाऱ्या लाकडी खोपटात राहिल्या. माझी छाती एवढी उदार नाही, म्हणून तक्रारही नोंदवतो. दर शनिवारी अंगणात पर्यटकांसाठी शेकोटी पेटते आणि तिचा धूर थेट माझ्या खिडकीत येतो. दोनदा सांगितल्यावर शेकोटी फक्त दहा पावले सरकली.

महिन्याचे १८,००० रुपये जेवणासह मला वाजवी वाटले. पुढच्या हंगामासाठी मागच्या बाजूची खोली मागितली आहे; ती मिळाली तरच आगाऊ रक्कम पाठवीन.